सोमवारपर्यंत कळवते

नवरात्रातली चौथी की पाचवी माळ होती. रंग करडा होता एवढं पक्कं आठवतं, कारण घाटकोपरला लेडीज डब्यात शिरले तर अख्खा डबा करडा आणि मी एकटी पिवळी. पिवळा म्हणे आधीच होऊन गेला होता. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला यायचं, पूल उतरून डोंबिवलीकडची गाडी धरायची, हा माझा रोजचा रस्ता. अंगात जोर असला तर फास्ट, नसला तर कल्याण स्लो. त्या दिवशी जोर नव्हता. चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धं अंग सीटवर आणि अर्धं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, आणि टेकते न टेकते तोच फोन वाजला. एक कँडिडेट होता. इंटरव्ह्यू देऊन चार दिवस झाले होते, काही कळलं का म्हणून विचारत होता. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. ‘प्रोफाइल छान आहे तुमचं, फीडबॅकही पॉझिटिव्ह आहे, सोमवारपर्यंत कळवते.’ हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्यांदा गेलंय की ते म्हणताना माझा दुसरा हात पर्समध्ये पाण्याची बाटली शोधत होता.

समोर खिडकीशी एक बाई मांडीवर पिशवी पसरून गवार निवडत होती. शेंगेचं टोक नखाने मोडायचं, शीर ओढायची, दोन तुकडे पिशवीत, शीर कागदात. मी फोन ठेवला आणि तिचा हात थांबला.

‘तुम्ही कन्सल्टन्सीवाल्या मॅडम ना?’

मी चेहरा आठवायला लागले. ‘नाही, आपण भेटलो नाही कधी,’ ती म्हणाली. ‘आवाजावरून ओळखलं. ते सोमवारचं म्हणालात ना, त्यावरून.’

मग तिने कंपनीचं नाव सांगितलं आणि मला सगळं लख्ख आठवलं. ठाण्यातली जागा, अकाउंट्सची. ही मस्जिद बंदरला एका होलसेल व्यापाऱ्याकडे हिशेब बघायची, राहायला कळव्याला. कळव्याहून ठाण्यात नोकरी म्हणजे एक स्टेशन. पहिला राउंड उत्तम झाला होता. ‘तुम्ही म्हणालात, या आठवड्यात सेकंड राउंड लागेल, अव्हेलेबल राहा. म्हणून मी गणपतीचं तिकीट कॅन्सल केलं. तुतारीचं होतं, कुडाळपर्यंत. मिस्टर आणि मुलगा पुढे गेले.’ हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सांगत होती ते एखाद्या पावसाबद्दल सांगावं तसं. घरच्या गणपतीची आरती तिने कळव्याच्या रिकाम्या घरात बसून व्हिडिओ कॉलवर बघितली, नेटवर्क जात होतं, ‘सुखकर्ता’ झालं आणि मग एकदम मंत्रपुष्पांजलीच आली. मधलं गेलं. ती हसली. ‘तुमचा फोन काही आला नाही.’ आणि पुन्हा गवार.

मला काय बोलावं सुचलं नाही. म्हटलं, ती पोझिशन होल्डवर गेली. ‘हो का,’ ती म्हणाली. विक्रोळी, कांजूर, भांडुप. कानातल्यांची ट्रे घेऊन एक मुलगी आमच्या मधून सरकत गेली, कुणीतरी करड्या ड्रेसवर जाणारे डूल मागत होतं. कळव्याला उतरायचं तर ठाणं यायच्या आतच दाराकडे सरकायला लागतं. ती उठली, पिशवीला गाठ मारली आणि मला म्हणाली, ‘या, इथे बसा. खिडकी आहे.’ मी बसले. सीट अजून गरम होती आणि गवारीची एक शीर चिकटून राहिली होती.

पोझिशन होल्डवर गेली नव्हती.

हे तुम्हाला सांगायचं तर आमचा धंदा थोडा सांगायला लागेल. उमेदवार रुजू झाला की कंपनी आम्हाला पैसे देते, पुष्कळदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ हिशेबात एका महिन्याचा पगार. ठरावीक दिवसांच्या आत तो सोडून गेला तर बदली माणूस आम्ही फुकट शोधून द्यायचा. आता ज्याला निवडला तो आधीच्या कंपनीत नोटीस पिरियड भरत असतो. दोन महिने, कधी तीन. या काळात काहीही होतं. जुनी कंपनी पगार वाढवते, तिसरीच कंपनी मध्ये येते, आणि जॉइनिंगच्या दिवशी पठ्ठ्याचा फोन बंद. म्हणून आम्ही कायम एक दुसरा माणूस राखून ठेवतो. त्याला बॅकअप म्हणतात. हा बॅकअप थंड पडू द्यायचा नसतो. ‘वॉर्म ठेवा’ हा आमच्या ऑफिसातला रोजचा शब्द. म्हणजे आठवड्याला एक फोन, एक गोड वाक्य, एक सोमवार. मंद आचेवर दूध ठेवावं तसं माणसाला ठेवायचं, उतू जाऊ द्यायचं नाही आणि विरजूही द्यायचं नाही. ती बाई माझी बॅकअप होती. सेकंड राउंड लागण्याची शक्यता जवळजवळ नव्हती आणि हे मला माहीत होतं. पहिला माणूस ठरल्या तारखेला रुजू झाला, आमचं बिल निघालं, आणि तिला फोन करण्याचे पैसे कुणीच देत नसल्यामुळे मी तो केला नाही. विसरले असते तर ते एक बरं झालं असतं. मी विसरले नव्हते.

या कामात मी आले तीच बोलण्यामुळे. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेली मुलगी, सगळे म्हणायचे, तुझं बोलणं छान आहे, तू एचआरमध्ये जा. पहिल्या ऑफिसात आम्हाला आवाज शिकवला गेला. फोनवर हसून बोललं की हसू ऐकू येतं, म्हणून टेबलावर छोटा आरसा ठेवायचा. ‘तुमच्याशी आत्ता बोललं तर चालेल का’ हे आधी विचारायचं. मी हे सगळं मनापासून शिकले आणि चांगली झाले. पण पंधरा-सोळा वर्षांत बोलण्यापेक्षा ऐकण्यानेच मला जास्त कळलं. दिवसाला चाळीस माणसांना फोन केला की मुंबई फोनमधूनच दिसायला लागते. ‘एक मिनिट हं, बाहेर येतो’ म्हणतात, मग जिन्यात पावलं घुमतात, फायर एक्झिटच्या दाराचं ते जड बिजागर कुरकुरतं, आणि पुढचं सगळं कुजबुजीत. कुणी टॉयलेटमध्ये जाऊन बोलतं, मागे फ्लश ऐकू येतो आणि दोघंही तो ऐकलाच नाही असं करतो. कुणी गाडीतून बोलतं, ‘अगला स्टेशन’च्या आत पगाराचा आकडा सांगून टाकायची घाई. सध्याचा पगार सांगताना माणसाचा आवाज खाली येतो, अपेक्षित पगार सांगताना तो आधी थांबतो, एक आवंढा गिळतो, आणि मग जो मनात होता त्याच्यापेक्षा थोडा कमीच आकडा बोलतो. आवंढ्यानंतरच्या आकड्यात मी स्वतःच दहा टक्के मिळवते. ही माझी विद्या.

आणि भाषा. पाठ केलेलं इंग्रजी धडधडत येत असतं, ‘मायसेल्फ’पासून सुरुवात. मी मध्येच म्हणते, मराठीत बोललं तरी चालेल. पलीकडे एक श्वास सुटतो. तो श्वास मला इतका ओळखीचा झालाय की मी त्याचीच वाट बघत असते. मात्र मराठीचा एक वेगळाच घोटाळा आहे, तो मला अंबरनाथच्या एका मुलाने दाखवला. स्टोअर्समध्ये होता, पाच वर्षं. टॅली येतं का, तर ‘थोडंफार येतं.’ एक्सेल? ‘बघतो, जमेल तसं.’ क्लायंटच्या माणसाने शेरा मारला, आत्मविश्वास नाही. मला काही ते पटलं नाही. मी त्या पोराला पुन्हा फोन लावला आणि रोज करतोस काय ते सांग म्हटलं. तर हा स्टॉकचा मेळ एकटा लावायचा, जीएसटीची रिटर्न्स भरायला सीएच्या ऑफिसात याच्याशिवाय पान हलत नव्हतं, मार्चअखेरीला शेवटची कर्जत पकडून घरी. म्हटलं, अरे, मग थोडंफार काय म्हणतोस? तो म्हणाला, ‘मॅडम, मग काय सांगू, सगळं येतं म्हणून? सगळं कुणाला येतं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. ज्याला येतं त्याला किती येत नाही तेही कळत असतं. आपल्या घरांत मी-मी करणाऱ्याला नावं ठेवत वाढलेली ही पोरं, आणि इंटरव्ह्यू म्हणजे अर्धा तास नुसतं मी-मी. तेव्हापासून मी क्लायंटला सीव्हीबरोबर दोन ओळी माझ्या लिहून पाठवते, हा थोडंफार म्हणेल, ते पूर्ण समजावं. काही क्लायंट हसतात. त्या मुलाला ती नोकरी नाही लागली, तिसरीकडे लागली.

उलट बाजूचं बोलणंही सोलून बघावं लागतं. जाहिरातीत ‘रोटेशनल शिफ्ट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रात्रपाळी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची आणि घरी सोडण्याची व्यवस्था हवी. मी विचारते, गाडी देणार का? पलीकडून उत्तर येतं, ‘ते नंतर बघू, आधी प्रोफाइल तर पाठवा.’ आणि मी पाठवते. सगळं सांगून पाठवते, पण पाठवते.

असो.

त्या रात्री घरी आल्यावर मला आजोबा आठवत राहिले. ते साताऱ्याकडून मुंबईला आले ते लालबागच्या एका खोलीत, जिथे पाळ्यांवर झोपणारी गाववाली माणसं होती, आणि लागले मिलमध्ये, साचेखात्यात, पण बदली म्हणून. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणसाचा खाडा झाला तर काम, नाही तर परत. पूर्वी हे सगळं जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या मर्जीवर चाले. तो पैसे खायचा, आपल्या गावचे आधी घ्यायचा. १९३१ च्या, कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या अहवालाने म्हटलं की भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. आमच्या एचआर खात्याचा मूळपुरुष तो, असं मी गमतीने म्हणते. १९३५ पासून मुंबईत बदलीवाल्यांना महिन्याच्या महिन्याला कार्ड द्यायची पद्धत आली, म्हणजे खाड्याची जागा कार्डवाल्यांतूनच भरायची. तरी गेटवरची गर्दी आणि खात्यातला जॉबर आजोबांच्या काळातही होतेच. आजी सांगायची, काम मिळालं नाही की ते आठाच्या आत परत यायचे, आणि चाळीच्या जिन्यावर चपलांच्या आवाजावरून तिला कळायचं की चहात आज दूध किती घालायचं. जॉबर नुसता हात हलवायचा म्हणे, माशी वारावी तसा. ‘आज नाही. जा.’ बस. अपमान होताच त्यात, आजोबा म्हातारपणीही तो हात करून दाखवताना तोंड वाकडं करायचे. मला जॉबरची आरती ओवाळायची नाही. पण सकाळी आठला ‘नाही’ मिळालेल्या माणसाचा दिवस त्याच्याकडे परत आलेला असे. आजोबा भायखळ्याला भाजीच्या पाट्या उचलायला जायचे.

पुढे ते कायम झाले आणि पन्नाशीत असताना १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याचं काय झालं हे इथे कुणाला सांगायला नको. मला त्यातली एकच गोष्ट आता वेगळी दिसते. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाख माणसांना कुणी एका तारखेला येऊन सांगितलं नाही की संपलं, आता दुसरं काही बघा. आजोबा वाट बघत राहिले. गेटपास त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या शालूखाली ठेवला होता, आणि मी शाळेत असताना, मिलच्या जागी कंपाउंडमध्ये गवत वाढलेलं असताना, ते मधूनच म्हणायचे, ‘सुरू झाली तर कळवतील.’

कळवतील.

तर मी एका शुक्रवारी दुपारी माझी एक्सेल शीट उघडली. ‘होल्ड’वाले सगळे मी पिवळे करते. चौदा ओळी निघाल्या. म्हटलं, आज या सगळ्यांना नाही म्हणून टाकायचं. मीटिंग रूममध्ये पाण्याचा ग्लास घेऊन बसले, परीक्षेला बसावं तशी. पहिल्याने ‘कोण बोलतंय?’ विचारलं, त्याला माझी कंपनी आठवतच नव्हती, माझ्याच काळजाला उगाच ठेच लागली. दोघांना दुसरीकडे लागली होती. तिघांनी फोन उचलला नाही. आमचा नंबर उचलायचा तरी कुणी, ट्रूकॉलरवर तो लाल दिसतो. एकाने शिव्या दिल्या. नीट, सावकाश, वाक्यं पूर्ण करून. मी ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर बरं वाटलं. सगळ्यात वाईट फोन उल्हासनगरच्या एका बाईचा. ती चिडली नाही. तिने विचारलं, ‘पण का नाही झालं, ते सांगाल का? म्हणजे मी सुधारेन.’ कारण मला माहीत होतं. क्लायंट फोनवर म्हणाला होता, लहान मूल आहे, मार्चअखेरीला थांबणार नाही. अशी कारणं मेलवर येत नाहीत. यात तिने सुधारायचं ते काय? मी म्हटलं, ‘प्रोफाइल मॅच नाही झालं.’

माझी आत्या गिरगावात लग्नं जमवायची, हौसेने. तिच्या वहीत स्थळांची नावं आणि पुढे खुणा. मुलाकडचे कांदेपोहे खाऊन निघताना ‘कळवतो’ म्हणायचे. आत्या मुलीच्या आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगायची, ‘दुसरी बघायला लागा.’ आणि कळवायची वेळ आलीच तर एकच वाक्य, पत्रिका जुळत नाही. रंग, उंची, हुंडा, मुलीचा जास्त पगार, सगळं त्या पत्रिकेत गुंडाळून. आत्या म्हणायची, अगं, ग्रहांवर घातलं की माणसांना वाईटपणा येत नाही. तेव्हा मला हा ढोंगीपणा वाटायचा आणि मी तिच्याशी भांडायचे. ‘प्रोफाइल मॅच नाही झालं’ म्हणून फोन ठेवला तेव्हा त्या काचेच्या खोलीत मला आत्याच्या घरच्या पोह्यांचा वास आला, कोथिंबीर आणि ओल्या नारळाचा. खरं कारण सांगितलं असतं तर? क्लायंट गेला असता, कदाचित माझी नोकरीही. आणि तिला ते ऐकून बरं वाटलं असतं का, तेही मला ठरवता येत नाही. चौदातले तीन फोन मी त्या दिवशी केलेच नाहीत. चार वाजले आणि मीटिंग रूम दुसऱ्या कुणाला हवी होती, हे खरं आहे, आणि हे निमित्त होतं हेही खरं आहे.

कळव्याच्या बाईची ओळ मी शोधली. ती पिवळीसुद्धा नव्हती, पहिला माणूस रुजू झाल्यावर मी ती शीटच बंद करून टाकली होती. तिच्या नावापुढे माझाच शेरा होता: ‘कम्युनिकेशन – गुड.’

गेल्या आठवड्यात ठाण्यातच एक जागा आली, वागळे इस्टेटला, पुन्हा अकाउंट्स. क्लायंटला तीन प्रोफाइल हवे होते. दोन माझ्याकडे होते, तिच्यापेक्षा थोडे वरचे. म्हणजे ती पुन्हा तिसरी. फोन करावा की नाही यात माझा अर्धा दिवस गेला. शेवटी केला. पलीकडे हमालांचा ओरडा, लोखंडी शटरचा खडखडाट, आणि मग ती हळू आवाजात, ‘बोला मॅडम.’ तिने पुन्हा आवाजावरूनच ओळखलं. मी म्हटलं, जागा अशी-अशी आहे, पण तुम्ही तिसऱ्या आहात. पहिलीला ऑफर जाणार हे जवळपास नक्की आहे. तिने नाही घेतली तर दुसरी, मग तुम्ही. हे असं मी या कामात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगताना माझा आवाज आरशासमोरचा राहिला नव्हता.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुणीतरी गुजरातीत आकडे मोजत होतं.

‘पहिल्या दोघी कशा आहेत?’ तिने विचारलं.

‘चांगल्या आहेत,’ मी म्हटलं. ‘एक तर बी.कॉम.ला पहिली आलेली.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘पाठवा माझं पण. आणि नाही झालं तरी फोन करा हं मॅडम. दोन ते अडीचच्या मध्ये करा, तेव्हा शेठ जेवायला जातात.’

मी रिमार्कच्या रकान्यात ‘दोन ते अडीच’ लिहून ठेवलं. पहिली तिचा निर्णय सोमवारी सांगणार आहे.